१८७० ची भिंत, डीएनए आणि आईचे गाणे

अमेरिकेतील कृष्णवर्णीय कुटुंबाने आपली वंशावळ शोधायला घेतली की ती बहुधा १८७० पाशी अडते. गुलामगिरीतून सुटलेल्या सर्वांची नावानिशी नोंद झालेली ती पहिली जनगणना. १८५० आणि १८६० च्या गुलामांच्या याद्यांत नाव मालकाचे असे. गुलामाचे बहुधा फक्त वय, लिंग आणि वर्ण. गुरांची मोजदाद व्हावी तशी.

ही भिंत ओलांडण्यासाठी रिक किटल्स आणि जीना पेज यांनी २००३ मध्ये 'आफ्रिकन अँसेस्ट्री' ही कंपनी काढली. गालाच्या आतून नमुना घेतात. मायटोकॉन्ड्रियल डीएनए आईकडूनच मिळतो, त्यामुळे आई, आजी, पणजी असा धागा मागे जातो. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाला मिळते. आजच्या आफ्रिकेतील लोकांच्या नमुन्यांशी ते ताडून मेंदे, योरुबा असे उत्तर येते. पण दहा पिढ्या मागे १०२४ पूर्वज असतात. आईचा धागा त्यांतल्या एकाच बाईपर्यंत पोहोचतो. आणि साधारण एक तृतीयांश कृष्णवर्णीय पुरुषांचे वाय गुणसूत्र युरोपीय निघते. मळ्यांवर मालकांनी स्त्रियांवर केलेल्या अत्याचारांचा हा पुरावा.

चाचणीशिवायही धागा सापडतो. जॉर्जियातील हॅरिस नेक येथे अमेलिया डॉली यांचे एक गाणे भाषातज्ज्ञ लोरेन्झो टर्नर यांनी १९३० च्या दशकात ध्वनिमुद्रित केले. आईकडून लेकीकडे आलेले, पण घरात अर्थ कोणालाच ठाऊक नाही. ते मेंदे भाषेतले निघाले. सिएरा लिओनच्या एका गावात बायका ते मृतांच्या विधीत गात असत. १९९७ मध्ये अमेलियांची मुलगी मेरी मोरन त्या गावी जाऊन आल्या.

आपल्याकडे सध्या 'आमचा डीएनए वेगळा' अशा पोस्ट जोरात फिरतात. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांशी आपले नाते जरूर आहे. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी ड्युबॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांच्या संयुक्त राष्ट्रांकडील अर्जाची प्रत मागितली होती. पण ते नाते रक्ताचे नाही, लढ्याचे आहे. १९४८ च्या 'द अनटचेबल्स'मध्ये बाबासाहेबांनी नाकाच्या मोजमापांचेच आकडे घेऊन अस्पृश्य वेगळ्या वंशाचे असल्याचा सिद्धांत खोडला. मग तरुणांनी चाचणीवर पैसे का घालवावेत? आपले गाव आणि गावकुसाबाहेरची वस्ती आपल्याला ठाऊक आहे. आजीला काय येते, हे मात्र अनेकांनी विचारलेले नसते. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी गावोगावच्या बायांकडून जात्यावरच्या ओव्या जमवल्या, त्यांत बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत.