डस्ट कॅपचा पोचा

हा लेख म्हणजे अर्धी माहिती आणि अर्धी कबुली आहे. सुट्टीत घरी गेलो असताना बाबा गावाला होते, म्हणून त्यांचे स्पीकर न विचारता माझ्या खोलीत आणले. भारी दिसतात म्हणून पुढची जाळीसुद्धा काढून ठेवली. मग मावसबहिणीचा तीन वर्षांचा मुलगा आला आणि डाव्या वूफरच्या मधल्या गोल टोपीवर त्याने अंगठा दाबला. टप्! बाबा दुसऱ्या दिवशी परत येणार होते. आईला म्हटलं, डेंट पडलाय. ती म्हणाली, "पोचा म्हण. पातेल्याला पडतो तसा." (कॉन्व्हेंटवाल्याचं मराठी, सांभाळून घ्या!)

त्या टोपीला डस्ट कॅप म्हणतात. तिच्या मागे व्हॉइस कॉइल असते, मॅग्नेटच्या अरुंद फटीत मागेपुढे हलणारी. १९२५ साली राइस आणि केलॉग यांनी मांडलेली ही रचना मुळात आजही तशीच आहे. कॉइल आणि लोखंड यांच्यात मिलिमीटरचे जेमतेम काही दशांश अंतर. त्यात धूळ किंवा लोखंडाचा कण गेला की खरखर सुरू. म्हणून वर झाकण.

म्हणजे पोचा पडल्याने आवाज बिघडतो का? थोडं गणित करू. हवेत आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. १०० हर्ट्झच्या तरंगाची लांबी झाली ३.४ मीटर. एवढ्या तरंगाला एक सेंटिमीटरचा खड्डा जाणवतही नाही. पण १०,००० हर्ट्झला हीच लांबी ३.४ सेंटिमीटर होते. ट्वीटरमध्ये तर ती घुमटी झाकण नसतेच, आवाज काढणारा पडदा तोच. तिथे पोचा पडला तर मामला गंभीर.

माझा वूफर होता, तरी आधी एक तपासणी केली. अॅम्प्लिफायर बंद करून, टोपीच्या दोन्ही बाजूंना बोटं सारख्या जोराने ठेवून कागदी कोन अगदी हळू आत ढकलला आणि कान लावला. घासल्याचा आवाज नाही. म्हणजे कॉइल शाबूत. हुश्श!

हॉस्टेलवरच्या एका मित्राने फोनवर व्हॅक्यूम क्लीनर लावायला सांगितलं. नका लावू. पूर्ण जोराने खेचला तर कोनच बाहेर ओढला जातो आणि मागची स्पायडर फाटू शकते. मी चिकटपट्टी लावून ओढून पाहिलं. मऊ प्लॅस्टिकच्या टोपीला हे चालतं, पण माझी टोपी कागदाची. पट्टी नुसतीच निघून आली, सोबत थोडा काळा रंग घेऊन.

शेवटी टाचणी. तिचं टोक पकडीने जेमतेम दोन मिलिमीटर काटकोनात वाकवलं. खड्ड्याच्या मध्यावर, तिरकं धरून आत सरकवलं, फिरवलं आणि हळूच वर उचललं. कडेला कधीच टोचू नका, तिथे खाली कॉइल असते. आणखी एक गोष्ट कोणी सांगत नाही: टाचणी पोलादाची, खाली मॅग्नेट! आत शिरताच ती हातातून ओढली गेली, माझा जीव गेला. घट्ट धरा. तिसऱ्या प्रयत्नात टोपी फुगून वर आली. धातूची टोपी असती तर सुरकुती राहिलीच असती. कागदावर फक्त एक पुसट रेघ उरली. भोकावर फेव्हिकॉलचा मोहरीएवढा थेंब. (जाळीदार टोपीवर मात्र गोंद फासू नका. ती छिद्रं आतली हवा खेळती राहावी म्हणून मुद्दाम ठेवलेली असतात.)

रात्रभर वाळवलं, सकाळी वायरी जोडल्या, गाणं लावलं. बासच गायब! तबल्याचा डग्गा डब्यासारखा वाजत होता. मी एवढा घाबरलो की पुन्हा टाचणी हातात घेतली होती.

तेवढ्यात बाबा आले. बॅग खाली ठेवली, अर्धा मिनिट ऐकलं आणि म्हणाले, "एका बाजूची वायर उलटी लावलीस." खरंच, डाव्याची लाल-काळी अदलाबदल झाली होती. एक कोन बाहेर येताना दुसरा आत जात होता, आणि दोघं मिळून बास खाऊन टाकत होते. दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावला तरी हे कळतं: प्लस लालला लावल्यावर कोन बाहेर यायला हवा.

पोच्याबद्दल बाबांनी अजून तरी काही विचारलेलं नाही. जाळी मी त्याच दुपारी परत बसवली.