रक्तातील प्रथिनांची साक्ष

सन २०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशके फवारणाऱ्या शेकडो शेतकऱ्यांना व शेतमजुरांना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक माणसे दगावली. कोणते विष शरीरात भिनले, हा प्रश्न तेव्हा केवळ उपचारापुरता नव्हता. साहाय्य व जबाबदारी ठरविण्याशीही त्याचा संबंध होता. अशा प्रश्नाचे उत्तर रक्तातील प्रथिने कितपत देऊ शकतात, एवढेच प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

मज्जातंतूचा संदेश स्नायूस पोचविणारे ॲसिटिलकोलीन हे द्रव्य आपले काम होताच नष्ट व्हावे लागते. ते नष्ट करणाऱ्या एंझाइमास ॲसिटिलकोलिनेस्टरेज म्हणतात. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी फॉस्फरसयुक्त सेंद्रिय कीटकनाशके ह्या एंझाइमास जखडून निकामी करतात. मग घाम व लाळ वाढते, स्नायू थरथरतात आणि अखेर श्वास कोंडतो. जिवंत माणसाचे मज्जातंतू काढून तपासता येत नाहीत. परंतु हेच एंझाइम रक्तातील तांबड्या पेशींवर आढळते आणि त्याच जातीचे दुसरे एंझाइम रक्तद्रवात असते. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते व तिला नवे एंझाइम घडविता येत नाही; म्हणून तिच्यावरील घट अनेक आठवडे टिकून राहते. रक्तद्रवातील एंझाइम यकृत पुन्हा तयार करीत असल्यामुळे ती घट लवकर भरून निघते.

मात्र ह्या एंझाइमाचे निरोगी प्रमाण माणसागणिक फार वेगळे असते. ज्याचे मूळ प्रमाण चढे, त्याची बरीच घट होऊनही अहवालात ‘प्रमाण योग्य’ असेच येईल. भाषेत चिन्हाला अर्थ येतो तो इतर चिन्हांशी असलेल्या भेदामुळे. येथेही एकटा आकडा मुका असतो, त्याच माणसाच्या फवारणीपूर्वीच्या आकड्याशी ताडल्यावरच तो बोलू लागतो. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १९७४ पासून हे तत्त्व नियमात आले आहे. तेथील नियमानुसार मूळ प्रमाणाच्या तुलनेत तांबड्या पेशींतील एंझाइम ७० टक्क्यांवर किंवा रक्तद्रवातील ६० टक्क्यांवर उतरल्यास कामगारास त्या कामावरून दूर करतात, आणि ८० टक्क्यांपर्यंत सुधारणा झाल्यावरच परत घेतात.

ह्या कसोटीला मर्यादाही आहे. २०१७ मध्ये यवतमाळात चर्चेत आलेले डायफेन्थियुरॉन हे कीटकनाशक वेगळ्याच मार्गाने, पेशीतील ऊर्जानिर्मिती रोखून, परिणाम करते. तेव्हा कोलिनेस्टरेज योग्य आढळले म्हणून विषबाधा झालीच नाही, असा निष्कर्ष काढणे चूक होय. फॉस्फरसयुक्त विषांचे अवशेष रक्तातील अल्ब्युमिन ह्या प्रथिनासही चिकटतात व सूक्ष्म यंत्रांनी ओळखता येतात. पण तशी तपासणी सुसज्ज प्रयोगशाळेतच होऊ शकते.

कोलिनेस्टरेजची तपासणी त्यामानाने सोपी आहे; अडचण वेळेची आहे. फवारणी करणारे पुष्कळ जण हंगामी मजूर असतात, आणि त्यांचे रक्त प्रथम तपासले जाते ते रुग्णालयात दाखल झाल्यावर. तोवर तुलनेचा आकडा घेण्याची संधी निघून गेलेली असते. कपाशीवर पहिला पंप चढण्यापूर्वी मजुराच्या रक्ताची एक नोंद झालेली असेल, तरच पुढची नोंद त्याच्या बाजूने साक्ष देऊ शकेल.