नांगर न लावलेलं भातशेत

परवा कर्जतजवळ एका शेतात भाताच्या धसाशेजारी कुदळ मारली. ढेकूळ भुसभुशीत, आत गांडुळांची बिळं आणि कुजत आलेली जुनी मुळं. या वाफ्यांना चार वर्षांत नांगर लागलेला नाही.

पद्धतीचं नाव सगुणा राइस टेक्निक, म्हणजे एसआरटी. नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी ती विकसित केली. गादीवाफे एकदाच करायचे, मग दरवर्षी त्यांवरच भात टोकायचा. चिखलणी नाही, लावणी नाही.

आपल्याकडे चिखलणी म्हणजे भातशेतीचा प्राणच. पण तिच्यात मातीचे कण सुटे होतात आणि खाली घट्ट थर बसतो. भातात पाणी टिकतं, पण मागाहून वाल किंवा हरभरा घेतला की मुळं त्या थरावर अडतात.

इथे कापणीनंतर मुळं उपटायचीच नाहीत. ती जमिनीतच कुजतात, त्यांच्या पोकळ्यांतून हवा-पाणी खाली जातं. सेंद्रिय कर्बही टिकतो, कारण नांगरटीने माती उघडी पडली की तो झपाट्याने जळतो.

मला खटकतं ते तण. ते मारायला बरेचजण ग्लायफोसेट फवारतात. मला पेंढ्याचं आच्छादन पटतं, पण त्याला मजुरी लागते आणि पेंढा गुरांनाही हवा असतो.

पहिल्या वर्षी सगळं शेत बदलू नका. दोन गुंठ्यांत करून बघा, दिवाळीनंतर कुदळ मारा.

तुमची माती कशी आहे? कमेंटमध्ये लिहा, जमेल तेवढं सांगतो.