आरसी कारचा गिअर सारखा सारखा उडतोय? नवा पार्ट मागवण्याआधी हे तपासा

रविवारची संध्याकाळ. अर्नाळ्याचा किनारा. ओहोटी लागलेली, ओली वाळू रस्त्यासारखी सपाट झालेली. कोणीतरी पिशवीतून रिमोटवरची रेसिंग कार काढतं. आजूबाजूला पोरं जमतात. पाच-दहा मिनिटं गाडी सुसाट पळते आणि मग अचानक कर्रर्र असा आवाज येतो. मोटर फिरतेय, पण गाडी जागची हलत नाही.

घरी येऊन गाडी उघडली की कळतं, मोठ्या प्लॅस्टिकच्या गिअरचे दात साफ झालेत. नवा गिअर ऑनलाईन मागवला जातो, बसवला जातो. चार वेळा गाडी चालवली की पुन्हा तोच कर्रर्र.

अशा वेळी बहुतेक जण म्हणतात, पार्टच डुप्लिकेट आला. कधी कधी ते खरंही असतं. पण बऱ्याचदा तुटलेला गिअर बिचारा निर्दोष असतो आणि त्याला खाणारा दुसराच पार्ट गाडीत शाबूत बसलेला असतो. तो सापडेपर्यंत कितीही नवे गिअर आणले तरी पैसे वायाच जाणार.

आणि हे पैसे थोडेथोडके नसतात. भारतात चांगल्या आरसी कार आणि त्यांचे पार्ट मोठ्या प्रमाणावर बाहेरून येतात. खेळण्यांवरची कस्टम ड्युटी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झाली आणि २०२३ च्या बजेटमध्ये ७० टक्क्यांवर गेली. त्यामुळे चुकीचा पार्ट मागवणं परवडत नाही.

आधी समजून घेऊ, मोटरची ताकद चाकापर्यंत जाते कशी?

या सगळ्या साखळीला ड्राईव्हट्रेन म्हणतात.

मोटरच्या दांड्यावर एक छोटा धातूचा गिअर असतो, तो पिनियन. तो एका मोठ्या गिअरला फिरवतो, तो स्पर गिअर. स्पर बहुतेक गाड्यांत प्लॅस्टिकचा असतो. त्याच्या पुढे डिफरेन्शियल, म्हणजे डिफ. वळण घेताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देण्याचं काम डिफ करतो. डिफपासून चाकापर्यंत ड्राईव्ह शाफ्ट जातात. त्यातल्या दोन्ही टोकांना गोळा असलेल्या साध्या दांड्याला डॉगबोन म्हणतात. आणि हे सगळं फिरतं ते छोट्या छोट्या बेअरिंगवर.

आता वेगाचा हिशोब बघा. ३५०० केव्हीची ब्रशलेस मोटर म्हणजे दर व्होल्टला मिनिटाला ३५०० फेरे. ७.४ व्होल्टच्या टू-एस बॅटरीवर हे होतात २५,९०० फेरे. तीच मोटर ११.१ व्होल्टच्या थ्री-एस बॅटरीवर टाकली की ३८,८५०. हे आकडे मोटरवर काही भार नसतानाचे आहेत, पण गिअरच्या दातांवर काय बेततं याचा अंदाज येतो.

पिनियनला २० दात आणि स्परला ८० दात असतील, तर स्परच्या एका फेऱ्यात पिनियनचे चार फेरे होतात. म्हणजे पिनियनचा प्रत्येक दात स्परच्या दातापेक्षा चौपट वेळा घासला जातो.

मग धातूचा पिनियन झिजतो कसा?

प्लॅस्टिक मऊ, धातू कडक. त्यामुळे प्लॅस्टिकच झिजणार असं वाटतं. पण मध्ये वाळू आली की गणित उलटं होतं.

वाळूचा बारीक कण मऊ प्लॅस्टिकच्या दातात रुतून बसतो. असे शेकडो कण रुतले की स्पर गिअर म्हणजे फिरता पॉलिशपेपर होतो. तो समोरच्या धातूच्या पिनियनला घासत राहतो. वाळूतला क्वार्ट्झ साध्या स्टीलपेक्षा कडक असतो आणि ॲल्युमिनियमचा पिनियन असेल तर विचारायलाच नको.

हळूहळू पिनियनचे दात टोकदार आणि एका बाजूला वाकलेले, माशाच्या परासारखे दिसू लागतात. पिनियन आकाराने छोटा असल्यामुळे हे पटकन लक्षात येत नाही. अशा पिनियनसमोर नवाकोरा स्पर बसवला की ती टोकं त्याला कुरतडतात. म्हणून स्पर दुसऱ्यांदा उडाला तर तिसरा मागवण्याआधी पिनियन काढून उजेडात बघा. दात टोकदार झाले असतील तर दोन्ही गिअर एकत्रच बदला.

वसई-विरारमध्ये हा त्रास जास्त का?

एक म्हणजे किनारा. अर्नाळा, राजोडी, कळंब, भुईगाव. मोकळी जागा हवी की पाय इकडेच वळतात. आपला हा भाग काळ्या दगडाचा, म्हणजे बेसॉल्टचा. या दगडाच्या झिजेतून वाळूत काळे, चुंबकाला चिकटणारे कण येतात. आरसी कारच्या मोटरमध्ये चुंबक असतो, त्यामुळे हे कण मोटरच्या तोंडाशी, म्हणजे नेमके पिनियनच्या शेजारी गोळा होतात. घरातला साधा चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गाडीतून झाडलेल्या वाळूवरून फिरवा, किती कण चिकटतात ते दिसेल.

दुसरं म्हणजे खारं पाणी. गाडीवर 'वॉटरप्रूफ' लिहिलेलं असलं तरी ते सहसा इलेक्ट्रॉनिक्सपुरतं असतं. बेअरिंग आणि स्क्रूंना गंज लागतोच. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं, त्यामुळे गाडी नुसती कपाटात पडून राहिली तरी आतून गंजत जाते. पावसाळ्याचे चार महिने तर हवाच दमट.

आणि बेअरिंग गंजलं की पुढची रांग लागते. बेअरिंग सैल होतं, शाफ्ट डुगडुगतो, दोन गिअरमधलं अंतर बदलतं आणि शेवटी दात उडतात स्परचे. शिक्षा त्याला, गुन्हा बेअरिंगचा.

दोष शोधायचा कसा?

सगळ्यात आधी बॅटरी काढा. हात गिअरमध्ये असताना रिमोटचं बटण दाबलं गेलं तर बोट जाऊ शकतं.

मग आवाज आठवा.

- मोटर फिरते, गाडी हलत नाही: पिनियनचा छोटा ग्रब स्क्रू सैल झालाय का बघा. तो मोटरच्या दांड्याच्या चपट्या भागावर बसायला हवा. तो नीट असेल तर स्परचे दात, मग चाकामागची पिन.
- बारीक, सतत कर्कश आवाज: पिनियन आणि स्पर एकमेकांना फार घट्ट लागलेत.
- चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला टक-टक: एखादा दात तुटलाय किंवा डॉगबोन वाकलाय.
- जोरात थ्रॉटल दिल्यावरच खरखर: डिफचे गिअर दाबाखाली एकमेकांपासून सुटतायत.

यानंतर हाताची परीक्षा. स्पर गिअर बोटाने घट्ट धरा आणि एक मागचं चाक फिरवा. दुसरं चाक उलट्या दिशेला, न अडकता फिरलं तर डिफ ठीक आहे. मध्येच अडकलं किंवा उडी मारली तर डिफ उघडावा लागेल. आता स्पर तसाच धरून दोन्ही चाकं एकदम पुढे ढकला. चाकं फिरायला नकोत. फिरली तर स्लिपर क्लच सैल आहे किंवा डिफमधले दात गेलेत. स्लिपर क्लच म्हणजे अचानक झटका बसला तर थोडा घसरून गिअर वाचवणारा भाग. तो फार सैल असेल तर तापतो आणि फार घट्ट असेल तर सगळा झटका गिअरवर येतो.

शेवटी प्रत्येक चाक धरून बाहेर-आत आणि वर-खाली हलवा. डुगडुगलं तर बेअरिंग तपासा.

कागदाच्या पट्टीची युक्ती

पिनियन आणि स्परमधलं अंतर किती हवं? यासाठी वहीच्या कागदाची एक पट्टी पुरते. साधा कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो. पट्टी दोन गिअरच्या मध्ये घाला, मोटर स्परकडे दाबून स्क्रू आवळा आणि गिअर फिरवून पट्टी बाहेर काढा. कागदावर नागमोडी घडी दिसली पाहिजे, पण तो फाटता कामा नये. फाटला तर अंतर कमी आहे. घडीच पडली नाही तर अंतर जास्त आहे.

हे स्पर फिरवून तीन-चार जागी तपासा, कारण प्लॅस्टिकचा गिअर दर वेळी अगदी गोल असतोच असं नाही. जिथे सगळ्यात घट्ट लागेल तिथे अंतर बरोबर ठेवा.

मागवताना होणारी चूक

गिअर घेताना नुसते दात मोजू नका. दातांचा आकारही जुळावा लागतो. तो कुठे 'पिच'मध्ये तर कुठे 'मॉड्यूल'मध्ये लिहिलेला असतो. ४८ पिच म्हणजे साधारण ०.५३ मॉड्यूल. त्याच्यासमोर ०.६ मॉड्यूलचा गिअर लावला तर हातात धरल्यावर जुळल्यासारखा वाटतो, पण गाडीत एकमेकांना खातो. ३२ पिच आणि ०.८ मॉड्यूल मात्र जवळपास सारखे असल्याने चालून जातात.

बेअरिंगसाठी तर कंपनीचंच पाकीट मागवायची गरज नसते. आकार मोजा. ५ बाय ११ बाय ४ मिलिमीटरचं बेअरिंग एमआर ११५ नावाने मिळतं आणि १० बाय १५ बाय ४ चं ६७०० नावाने. पुढे 'झेडझेड' असेल तर झाकण धातूचं आणि 'टू आरएस' असेल तर रबराचं. वाळूत चालवणार असाल तर रबराचं घ्या. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला बेअरिंगची दुकानं आहेत. वसई पूर्वेला वालीव, गोखिवरे, सातिवलीच्या गाळ्यांमध्ये लेथवर काम करणारे आहेत. एखादी पिन किंवा बारीक वॉशर बनवून हवा असेल तर परदेशातून मागवण्याआधी तिथे विचारून बघायला हरकत नाही.

किनाऱ्यावरून आल्यावर काय करायचं?

आधी कोरड्या ब्रशने वाळू झाडा. खारं पाणी लागलं असेल तर ओल्या फडक्याने मीठ पुसून घ्या आणि गाडी पूर्ण वाळवा. बेअरिंगला एक-एक थेंब पातळ तेल द्या. पण उघड्या पिनियन-स्परला ग्रीस लावू नका. त्यावर वाळू चिकटते आणि घासणं वाढतं. ग्रीस फक्त बंद गिअरबॉक्सच्या आत. डिफमध्ये कंपनीने सांगितलेलं ग्रीस किंवा सिलिकॉन तेल.

चालवतानाही एक सवय लावून घ्या. उडी मारल्यावर गाडी हवेत असताना थ्रॉटल सोडा. हवेत जोरात फिरणारी चाकं जमिनीला लागून एकदम थांबली की तो झटका सरळ गिअरवर येतो.

आणि टू-एसवरून थ्री-एसवर गेल्यापासून गिअर उडायला लागले असतील, तर सगळ्यात आधी जुनी बॅटरी लावून बघा. त्रास थांबला तर नव्या गिअरचा खर्च वाचला.