डोंगरांचा नकाशा आणि प्रवाशाची वाट

निसर्गपर्यटनासाठी जागा निवडणे म्हणजे रम्य स्थळांची यादी करणे नव्हे. ते स्थळ माणसांची वर्दळ किती सोसू शकेल, हा प्रश्न सौंदर्याइतकाच, किंबहुना अधिक महत्त्वाचा आहे.

नकाशा करणाऱ्याची रीत अशी. एकाच प्रदेशाचे अनेक नकाशे तयार करावयाचे: एकावर डोंगरांचा उतार, दुसऱ्यावर वने, तिसऱ्यावर पाणी, चौथ्यावर रस्ते व गावे. प्रत्येकाला गुण देऊन ते एकमेकांवर ठेवले की अनुकूल जागा उठून दिसतात. उपग्रहांच्या चित्रांवरून हे काम आता संगणक करतो. मात्र कशाला किती गुण द्यावेत, हे माणसालाच ठरवावे लागते. रस्त्याच्या सान्निध्याला भरघोस गुण दिले, तर आधीच गजबजलेली ठिकाणे पुन्हा वर येतात!

विंध्य आणि सातपुडा यांच्यामधील जबलपूरचा परिसर या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. भेडाघाटास नर्मदा संगमरवरी कड्यांमधून वाहते. पण पावसाळ्यात पूर चढला म्हणजे धुवांधार धबधबा पाण्यातच लोपतो आणि नौकाविहार बंद ठेवावा लागतो. तेव्हा येथील नकाशाला ऋतूचाही एक थर हवा.

आग्नेयेस मैकल पर्वतराजीत कान्हाचे अरण्य आहे. तेथील बारशिंग्यांची संख्या १९७० मध्ये अवघी ६६ उरली होती. उंच गवतात पाडसे दडवून वाढविणारा हा प्राणी. काही गावे हलवून कुरणे राखली, तेव्हा तो सावरला. ज्यांनी त्यापायी घरदार सोडले, त्यांचा त्याग कोणत्याच गुणांकनात बसत नाही. येथे अनुकूल जागांच्या आधी निषिद्ध जागा आखावयास हव्यात. प्रवाशाची वाट कुरणाला वळसा घालूनच गेली पाहिजे.

जबलपुरातील बडा शिमला टेकडीला तर सौंदर्याचे गुण फारसे मिळणार नाहीत. पण याच परिसरात १८२८ मध्ये विल्यम स्लीमन यांना प्रचंड हाडांचे अवशेष सापडले आणि त्यांवरून १८७७ मध्ये रिचर्ड लायडेकर यांनी ‘टायटॅनोसॉरस’ या महाकाय सरड्याचे नामकरण केले. असे स्थळ नकाशावर असावे खरे. परंतु जीवाश्मांची नेमकी जागा छापली, तर अभ्यासकाआधी चोर तेथे पोहोचेल. म्हणून नकाशे दोन असावेत: कचेरीतला तपशीलवार, आणि प्रवाशाच्या हाती द्यावयाचा, ज्यात टेकडीचे नाव असेल, खडकाचे नसेल.