येशू, मरीया आणि योहान : आपल्या मुस्लिम शेजाऱ्यांची श्रद्धा समजून घेताना

अंबरनाथ, पालेगाव, बदलापूर व उल्हासनगर या परिसरात आपण ख्रिस्ती भाविक निरनिराळ्या धर्मांच्या शेजाऱ्यांसह एकाच इमारतीत राहतो. नाताळाच्या शुभेच्छा देताना मुस्लिम शेजारी अनेकदा म्हणतात, "हजरत ईसा आमचेही पैगंबर आहेत." हे ऐकून आपल्यापैकी काही जण "म्हणजे सारे एकच" असे म्हणून मोकळे होतात, तर काही जण "तुम्ही कुठे येशूला मानता?" असे म्हणून संवाद तोडतात. ही दोन्ही उत्तरे सत्याला धरून नाहीत. म्हणून या विषयाचा थोडा विचार करणे आवश्यक वाटते.

हा प्रश्न आपल्या जिल्ह्याला नवा नाही. इ.स. १३२१ च्या एप्रिल महिन्यात ठाणे येथे तोलेंतिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स व सिएनाचे पीटर हे फ्रान्सिस्कन धर्मबंधू आणि त्यांचे सोबती तिफ्लिसचे देमेत्रियुस एका नेस्टोरियन ख्रिस्ती कुटुंबात उतरले होते. तेथील काझीने त्यांना ख्रिस्ताविषयी व नंतर मुहंमद पैगंबरांविषयी प्रश्न विचारले. उत्तरांवरून वाद पेटला आणि चौघांनाही प्राणास मुकावे लागले. त्यांचे सहकारी जोर्डानुस यांनी त्यांचे मृतदेह सोपारा येथे पुरले. दिल्लीच्या सुलतानाने या कृत्याबद्दल ठाण्याच्या अधिकाऱ्याला देहदंड दिला, असे त्या काळचे प्रवासी ओडोरिक यांनी लिहून ठेवले आहे. ख्रिस्तसभेने १८९४ साली थॉमस यांच्या धन्यवादित या पदास मान्यता दिली. ज्या प्रश्नापायी तेव्हा रक्त सांडले, तोच प्रश्न आज आपल्याला चहा पिताना विचारला जातो. ही मोठी कृपा आहे, आणि जबाबदारीही.

प्रथम एका शब्दाचा घोळ दूर करू या. आपण मराठी ख्रिस्ती लोक 'प्रेषित' हा शब्द पेत्र, योहान, याकोब अशा बारा जणांसाठी वापरतो आणि यशया, यिर्मया यांना 'संदेष्टे' म्हणतो. मराठी मुस्लिम लेखनात मात्र 'प्रेषित' म्हणजे पैगंबर. त्यामुळे "येशू हे प्रेषित आहेत" हे एकच वाक्य दोन घरांत दोन अर्थांनी ऐकले जाते.

इस्लामनुसार देवाने प्रत्येक लोकसमूहाकडे संदेश पाठविला. कुराणात २५ पैगंबरांची नावे येतात असे सर्वसाधारणपणे मानले जाते. आदाम, नोहा, अब्राहाम, मोशे व दावीद यांच्याबरोबरच जखऱ्या (जकरिया), योहान बाप्तिस्ता (यह्या) व येशू (ईसा) हेही त्यांत आहेत. मोशेला तौरात, दावीदाला जबूर, येशूला इंजील व मुहंमदांना कुराण हे ग्रंथ मिळाले आणि मुहंमद हे शेवटचे पैगंबर होत, अशी ही श्रद्धा आहे. पैगंबर पापापासून सुरक्षित असतो असेही बहुतेक मुस्लिम मानतात. आपले पवित्र शास्त्र मात्र दावीदाचे पाप व त्याचा पश्चात्ताप दोन्ही उघडपणे सांगते.

पवित्र मरीयेविषयीचा आदर तर अनेकांना थक्क करील. कुराणात नावाने उल्लेख झालेली ती एकमेव स्त्री आहे. १९ वा अध्याय तिच्याच नावाने ओळखला जातो. तिसऱ्या अध्यायात तिच्या जन्माची, जखऱ्याने तिचे पालन केल्याची आणि मंदिरातील तिच्या वास्तव्याची कथा येते. मरीयेच्या मंदिरातील बालपणाची ही परंपरा आपल्याला परकी नाही. दुसऱ्या शतकातील 'याकोबाचे आद्य शुभवर्तमान' या शास्त्रबाह्य ग्रंथात ती आढळते, आणि २१ नोव्हेंबरला आपण पवित्र मरीयेच्या मंदिरातील समर्पणाचा स्मरणदिन पाळतो.

येशूचा जन्म कुमारी मातेच्या उदरी झाला, त्याने आंधळ्यांना दृष्टी दिली, कुष्ठरोग्यांना बरे केले व देवाच्या आज्ञेने मेलेल्यांना उठविले, हे कुराण सांगते. त्याला 'मसीह' व देवाचा 'शब्द' असेही म्हटले आहे. येशूच्या शिष्यांना 'हवारी' म्हणजे साहाय्यक म्हणून गौरविले आहे, परंतु त्यांची नावे दिलेली नाहीत. संत पौलाचा व संत योसेफाचा उल्लेख नाही. १८ व्या अध्यायात गुहेत दीर्घकाळ झोपलेल्या तरुणांची कथा आहे. ख्रिस्ती परंपरेत ते एफेस येथील सात निद्रिस्त तरुण होत. इ.स. २५० च्या सुमारास सम्राट देसियुसने केलेल्या छळापासून ते लपले, असे ती परंपरा सांगते.

मग भेद कोठे आहे? तो आदरात नाही, येशू कोण आहे या प्रश्नात आहे. इस्लाममध्ये देव आपली इच्छा ग्रंथाद्वारे प्रकट करतो आणि पैगंबर तो ग्रंथ पोहोचवितो. म्हणून येशूलाही 'इंजील' नावाचा एक ग्रंथ मिळाला, असे ते मानतात. आपल्या श्रद्धेनुसार येशूला ग्रंथ मिळाला नाही. तो स्वतःच देहधारी देवशब्द आहे आणि चारही शुभवर्तमाने त्याची साक्ष देतात. त्यामुळे येशूची तुलना मुहंमदांशी करण्याने दोन्ही बाजूंचा गैरसमज होतो. इस्लाममध्ये जे स्थान कुराणाला आहे, त्याच्याशी ख्रिस्ताच्या स्थानाची तुलना करणे अधिक योग्य ठरेल.

दुसरा भेद क्रुसाचा. येशूला ठार मारले गेले नाही, देवाने त्याला आपल्याकडे उचलून घेतले, असे कुराणाच्या चौथ्या अध्यायात आहे, आणि तो पुन्हा येईल अशी बहुतेक मुस्लिमांची श्रद्धा आहे. आपल्यासाठी तर क्रूस व पुनरुत्थान हेच तारणाचे केंद्र आहे. येथे "सारे एकच" म्हणणे हा आपल्या श्रद्धेशी आणि शेजाऱ्याच्या प्रामाणिकपणाशीही अन्याय होईल.

दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी घोषित केलेल्या 'नोस्त्रा एताते' या दस्तऐवजात याच सत्याची दोन्ही अंगे मांडली आहेत : मुस्लिम येशूला देव मानीत नसले, तरी पैगंबर म्हणून त्याचा आदर करतात आणि त्याच्या कुमारी मातेला मान देतात. ४ फेब्रुवारी २०१९ रोजी अबू धाबी येथे पोप फ्रान्सिस व अल-अजहरचे प्रमुख इमाम अहमद अल-तय्यिब यांनी मानवी बंधुत्वाच्या दस्तऐवजावर स्वाक्षऱ्या केल्या, ते याच वाटेवरचे पुढचे पाऊल होते.

आपल्या आशेविषयी विचारणाऱ्याला सौम्यतेने व आदराने उत्तर द्यावे, असे संत पेत्र आपल्या पहिल्या पत्रात शिकवितो. त्यासाठी प्रथम आपले शुभवर्तमान आपणांस नीट ठाऊक हवे, आणि शेजारी जे मानतो ते त्याच्याच तोंडून ऐकण्याचा धीर हवा. ठाण्याच्या त्या चार जणांनी आपली श्रद्धा लपविली नाही. आपणही ती लपवू नये, आणि ती सांगताना शेजाऱ्याच्या श्रद्धेचा अवमान करू नये. पवित्र मरीयामाता या कामी आपणां सर्वांसाठी विनंती करो.