परसबागेतील खाद्यवनस्पती

फुलपाखरांसाठी बाग करणे म्हणजे भरपूर फुले लावणे हा समज अपुरा आहे. कारण प्रौढ फुलपाखरू अनेक फुलांतील मधुरस पिते, पण त्याची अळी ठरावीक वनस्पतींचीच पाने खाते आणि अशा वनस्पतीस त्या जातीची ‘खाद्यवनस्पती’ म्हणतात. महाराष्ट्राने २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू ठरवलेल्या राणी पाकोळीची अळी लिंबाच्या कुळातील झाडांवर वाढते, तर तण म्हणून उपटल्या जाणाऱ्या रुईच्या चिकातील विषद्रव्ये ‘प्लेन टायगर’ची अळी शरीरात साठवते, ज्यामुळे पुढे पंख फुटल्यावरही पक्षी तिला टाळतात. कुंडीतल्या कढीपत्त्यावर दिसणारी, पक्ष्याच्या विष्ठेसारखी भासणारी लहान अळी बहुधा ‘कॉमन मॉरमॉन’ची असते, तिच्यावर कीटकनाशक फवारले जावे हे खरोखर खेदाचे, कारण कुरतडलेल्या फांदीला पुन्हा पालवी फुटते.